बर्फकिड्याचं लग्न

"बावीस माद्या! बावीस! आणि नर एकही नाही!" अनारा आत्याने काचेची कुपी उन्हात धरली, हलवली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे, हे नर गेले तरी कुठे?"

"लष्करात गेले असतील," कुतमान म्हणाला.

सेझिमने धाकट्या भावाला कोपराने ढोसलं. ही काय चेष्टेची वेळ होती? सकाळपासून चौघं तेरेक-बाशी गावाच्या वरच्या अंगाला, झऱ्याकाठी, बर्फात गुडघे टेकून बसले होते. वसंताची सुट्टी लागलेली. गावातली बाकीची पोरं टेकडीवरून घसरगाड्या सोडत होती, आणि ह्यांच्या हातात काय, तर रंगकामाचे मऊ कुंचले! कुंचल्याने किडा अलगद उचलायचा, भिंगाखाली धरायचा, मादी निघाली की सुस्कारा सोडायचा. दहा वर्षांचा कुतमान तर आता किडा दिसायच्या आधीच सुस्कारे सोडत होता.

गोष्ट अशी होती. गेल्या मार्चमध्ये ह्याच बर्फावरून चालणारे बारीक काळे किडे सेझिमला दिसले. तांदळाच्या दाण्याएवढे, पंख अगदी खुरटे, मागे दोन शेपट्या. एवढ्या थंडीत किडे? तिने दोन-चार आगपेटीत भरून राजधानीत, बिश्केकला, आत्याकडे पाठवले. आत्या तिथल्या संस्थेत पाण्यातल्या किड्यांचा अभ्यास करते. चौथ्या दिवशी आत्याचा फोन आला, तो नुसता किंचाळत! ही स्टोनफ्लायची, म्हणजे दगडमाशीची, एक जात होती आणि जगातल्या एकाही पुस्तकात ती नव्हती.

पण नुसतं 'नाही' म्हणून भागत नाही. नव्या जातीला नाव द्यायचं तर तिचं रीतसर वर्णन लिहावं लागतं, चित्रं काढावी लागतात, आणि एक नमुना कायमचा जपून ठेवावा लागतो. ह्या किड्यांचं वर्णन नराशिवाय होतच नाही! माद्या सगळ्या बहिणी-बहिणींसारख्या. नराच्या पोटाच्या टोकाला मात्र एक बारीक आकडा असतो, आणि तो प्रत्येक जातीत निराळा. सेझिमने पाठवलेल्या सगळ्या माद्याच होत्या. आत्या धावतपळत गावात आली तोवर मोसम संपलेला. वर्षभर पाण्यात दगडांखाली राहणारी ही मंडळी मोठी होऊन बाहेर येतात ती जेमतेम दहा-बारा दिवस.

म्हणून यंदा आत्या चार दिवसांची रजा काढून आधीच येऊन बसली होती. त्यातले तीन संपत आले होते. उद्या नोरूझ, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षाचा सण, आणि उद्याच तीन वाजता तिची गाडी.

"आत्या, काल इथे किती होते गं?" सेझिमने विचारलं.

"चाळीसच्या वर दिसले. हाती लागले थोडेच."

"आणि आज सकाळपासून आपल्याला सहाच दिसलेत."

आत्याने कुपी पुन्हा उन्हात धरली. शाळेत सेझिमला सगळे 'किड्यांची मावशी' म्हणून चिडवायचे, त्याचं तिला आता काही वाटेनासं झालं होतं. पण चाळीसचे सहा कसे होतात?

"ए, इकडे या! लवकर!" खालून बेकतेमीर ओरडला. बेकतेमीर म्हणजे सेझिमच्या वर्गातला, गावच्या प्रमुखांचा मुलगा. त्याने पाण्यातला एक दगड उलटा केला होता. दगडाखाली किड्यांची पिल्लं होती. पाच, सात, नऊ. सगळी पाय वर करून पडलेली.

"मेलीत!" कुतमान कुजबुजला. त्याचा चेहरा एकदम उतरला. "माझा बातिर!"

"कोण बातिर?"

"माझं पाळलेलं पिल्लू. बातिर म्हणजे पहिलवान. चहाच्या गाळणीत ठेवलंय, दोरी बांधून, पाण्यात."

"म्हणजे ती गाळणी तू चोरलीस होय? आई दोन दिवस मला बोलतेय!" सेझिम ओरडली. पण कुतमान केव्हाच वर पळाला होता. वरच्या कड्याखाली झऱ्याचा एक छोटा डोळा आहे, म्हणजे जिथे पाणी जमिनीतून उगवतं ती जागा; तिथे त्याची गाळणी होती. "जिवंत आहे!" त्याची आरोळी आली. "बातिर जिवंत आहे!"

वरच्या डोळ्यापाशी जिवंत आणि इथे खाली मेलेले. म्हणजे जे काही घडत होतं ते ह्या दोन्हींच्या मधेच! सेझिमने पाणी ओंजळीत घेतलं. किंचित गढूळ होतं, ताकाची वाटी विसळल्यासारखं.

तेवढ्यात झुडपांतून मोयनोक शेपूट हलवत आला. मोयनोक बेकतेमीरचा कुत्रा. अंगाने कोळशासारखा काळा.

"बेकतेमीर, तुझ्या कुत्र्याने मोजे कधीपासून घातले?" धापा टाकत परत आलेल्या कुतमानने विचारलं.

खरंच की! मोयनोकचे चारही पाय घोट्यापर्यंत पांढरे. सेझिमने ते हाताने पुसले. बर्फ असतं तर वितळलं असतं. हे चिकटलं, आणि तिच्या भेगाळलेल्या बोटांना झोंबलंही.

"चुना!" आत्या म्हणाली.

सगळ्यांनी बेकतेमीरकडे पाहिलं. त्याचे कान लालभडक झाले होते.

"मला... मला माहीत नव्हतं गं, सेझिम! शप्पथ!" तो अडखळत म्हणाला. "बाबांनी कुणाला सांगू नको म्हटलं होतं. उद्या नोरूझला जिल्ह्याचे मोठे पाहुणे यायचेत. सगळ्या गावाला एकदम चकित करायचं, म्हणाले. काल दोन पोती मीच ओढत नेली."

"कुठे?"

त्याने मान खाली घालून वर बोट दाखवलं.

सगळे धावत सुटले. वरचा डोळा आणि खालचा झरा ह्यांच्या मधे, पॉपलरच्या झाडांआड, प्रवाहाला अगदी चिकटून एक खड्डा खणलेला होता. त्यात कळीचा चुना बुडबुडे काढत होता आणि काठावरून पांढरं पाणी पाझरून थेट ओढ्यात उतरत होतं. पांढऱ्या बर्फावर पांढरं पाणी, कुणाला दिसणार? दोन माणसं रिकामी पिंपं ओढ्यातच खळबळून धूत होती. पॉपलरचे बुंधे कमरेपर्यंत चुना मारून तयार! आणि ह्या सगळ्यामध्ये टोकतोसून काका, गावचे प्रमुख, डोक्यावरच्या उंच, लोकरीच्या नमद्याच्या टोपीवर चुन्याचे ठिपके मिरवत उभे होते.

"अरेरे! फोडलंत ना गुपित?" काका हसले. "असो. आलात तर बघा. झाडं झाली. आता चार वाजता झऱ्याचे दगड रंगवायला घेतोय. एकूण एक दगड पांढराशुभ्र! पाहुण्यांचे डोळे दिपले पाहिजेत!"

"काका, थांबवा हे!" सेझिम ओरडली. "पाण्यातलं सगळं मरतंय!"

"मरतील तर जंतू मरतील. चुन्याने पाणी स्वच्छ होतं, पोरी. माझे वडील दर नोरूझला झाडांना चुना मारायचे."

"झाडांना मारायचे ना?" आत्या म्हणाली. "झऱ्यात नव्हते ओतत. टोकतोसूनदादा, ही जात जगात फक्त ह्या एका झऱ्यात सापडलीय. आज दगड रंगवलेत तर उद्या ती संपली."

"अनारा, तू शहरात शिकून मोठी झालीस, आम्हाला अभिमान आहे. पण एका किड्यासाठी मी सण थांबवू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!" काकांनी घड्याळ पाहिलं. "चला, चला, कामं आहेत."

बोलणं संपलं. आत्या खाली दगडावर बसून राहिली. तिच्याकडे बघून सेझिमला रडूच कोसळणार होतं. एवढ्या मोठ्या आत्याचं ऐकत नाहीत, तिथे आपलं कोण ऐकणार? दीड वाजला होता. अडीच तास उरले होते.

"माझ्या आईचं ऐकतात," बेकतेमीर हळूच म्हणाला.

"काय?"

"बाबा. जगात कुणाचं ऐकत नाहीत, आईचं ऐकतात. आणि आई आत्ता शाळेच्या अंगणात सुमोलोकची कढई मांडतेय. कढईत पाणी कुठलं पडणार?"

सेझिमने डोळे पुसले. पाणी झऱ्याच्याच नळाचं! अख्ख्या गावाच्या बायका रात्रभर ढवळतात ते गव्हाच्या कोंबांचं सुमोलोक, आणि त्यात हे पाणी!

"पण नुसतं सांगून पटेल का?" ती म्हणाली. "नळापर्यंत येईस्तोवर जेमतेम गढूळ असतं. बादलीत ठेवलं की गाळ खाली बसतो, वर नितळ."

"नितळच हवंय आपल्याला!" बेकतेमीरचे डोळे चमकले. "चुन्याची निवळी! आठव, रसायनशास्त्राचा तास! कुतमान, ज्यूसच्या डब्याची नळी आहे का रे तुझ्याकडे?"

"आहे. पण ज्यूस मी देणार नाही!"

अंगणात वीस-पंचवीस बायकांची झुंबड उडाली होती. कढई एवढी मोठी की कुतमान आत झोपला असता. बेकतेमीरची आई, झुउरा काकू, बाह्या सरसावून हुकूम सोडत होती. मुलांनी दोन बरण्या लाकडी फळीवर मांडल्या. एकीत वरच्या डोळ्याचं पाणी, दुसरीत नळाचं. अर्ध्या तासात गाळ तळाला बसला. दोन्ही सारखीच नितळ दिसायला लागली.

"हे काय नवीन?" काकूने विचारलं.

"काकू, नळाच्या पाण्यात चुना आहे," सेझिम म्हणाली. सगळ्या बायका बघायला लागल्या.

"कोण म्हणतं?" मागून आवाज आला. टोकतोसून काका! तयारी बघायला नेमके आत्ताच आले होते. "ह्या पोरांचं काही ऐकू नका! बघा ना, दोन्ही पाणी आरशासारखं! थांबा, मी पिऊनच दाखवतो!" त्यांनी नळाच्या पाण्याची बरणी उचलून थेट तोंडाला लावली.

"नको, बाबा!" बेकतेमीर झेपावला आणि त्याने बरणी ओढून घेतली. बापाच्या हातातून, अख्ख्या गावासमोर! काकांच्या कपाळावरची शीर तटतटली. बेकतेमीरने नळी पाण्यात घातली आणि फुंकायला सुरुवात केली.

बुड्‌बुड्‌बुड्‌. काहीच होईना. चुना पुरेसा नसला तर? बेकतेमीरने दम घेतला, पुन्हा फुंकलं. गाल दुखेपर्यंत फुंकलं.

आणि पाणी धुरकट झालं. मग दुधाळ. मग बरणीपलीकडची बोटं दिसेनात!

"आता ह्या दुसऱ्यात फुंक," झुउरा काकू म्हणाली. आवाज इतका शांत, की काका एक पाऊल मागे सरले.

दुसरं पाणी फुंकफुंक फुंकूनही नितळच राहिलं.

"श्वासाने चुन्याची निवळी पांढरी होते, आई. आठवीच्या पुस्तकात आहे."

"प्रमुखसाहेब!" काकू नवऱ्याकडे वळली. "माझ्या कढईत चुना? पाहुण्यांना चुन्याचं सुमोलोक वाढणार होतात तुम्ही? पोरंबाळं खाणार ते! आजारी पडली असती तर कुणाच्या दारात गेला असतात?"

"अगं, मला काय कल्पना..."

"कल्पना नव्हती, तर ती अनारा घसा फोडून सांगत होती तेव्हा कान कुठे ठेवले होते?"

काकांनी टोपी काढली, तिच्यावरचे ठिपके बघितले, पुन्हा घातली. पंधरा मिनिटांत गावातले तीस-चाळीस पुरुष फावडी घेऊन वर निघाले. खड्डा उपसला, चुना गाड्यावर भरून दूर माळावर नेला, पाझरणारं पाणी आडवा चर खणून वळवलं. सगळ्यांत पुढे टोकतोसून काकाच होते. कढईसाठी बायकांनी वरच्या डोळ्याचं पाणी बादल्या-बादल्यांनी वाहून आणलं.

सगळे म्हणाले, सुटलो. पण सेझिम सुटली नव्हती. अंधार पडेपर्यंत तिने बर्फ पिंजून काढला. एकही किडा दिसला नाही. एकही!

नोरूझच्या सकाळी गावात ढोल वाजत होते, आणि हे चौघं वरच्या डोळ्यापाशी. आत्याचे डोळे सुजले होते.

"आमचा बातिर!" कुतमान गाळणी उचलून ओरडला. "कात टाकली! मोठा झाला!"

आत्याने झडप घालून गाळणी घेतली, भिंग लावलं, आणि खांदे पाडले.

"बातिर नाही रे. ही मुलगी आहे."

"मुलगी?" कुतमानला हा मोठाच धक्का होता. "दोन दिवस मी तिच्याशी कुस्तीच्या गप्पा मारतोय!"

कुणीच हसलं नाही. पण आत्या एकदम ताठ झाली. "थांबा, थांबा! ही आत्ता कात टाकून निघालीय. अजून एकाही नराला भेटलेली नाही. चहाचं रिकामं खोकं आहे का कुणाकडे? कागदी! कोरडं!"

"कशाला?"

"ह्यांचे नर पोट आपटून ढोल वाजवतात. टक-टक-टक. आपल्या जातीची तरुण मादी ते ऐकते आणि उत्तर देते. त्या उत्तराच्या रोखाने नर चालत येतो. ही इथे असेल आणि जवळपास एखादा उरला असेल..."

मादीला खोक्यात घालून खोकं कड्याखालच्या दगडावर ठेवलं. सेझिमने त्याला कान लावला. एक तास गेला. कान बधिर झाला, बदलला. खाली ध्वनिक्षेपकावरून भाषणं सुरू झाली. साडेअकरा. बारा. सेझिम मनातल्या मनात एकच घोकत होती, एक तरी असू दे, एक तरी.

टिक. टिक-टिक.

खोक्याच्या आतून! ती उत्तर देत होती! म्हणजे कुणीतरी हाक मारली होती!

"हलू नका," आत्या नुसत्या ओठांनी म्हणाली.

बर्फाच्या पापुद्र्याखालून एक काळा ठिपका बाहेर आला. थांबला. पोट आपटलं. खोक्यातून उत्तर गेलं. तो पुन्हा चालू लागला, सरळ, जराही न चुकता. आत्याने कुंचला पुढे केला. भिंगाखाली तिने पाहिलं, आणि तिच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "आकडा! असा आकडा मी कुठेच बघितलेला नाही. टोकाला दोन फाटे आहेत, बघा, बघा!"

सगळ्यांनी बघितलं. मग आत्याने स्पिरिटची कुपी उघडली.

"आत्या, थांब!" सेझिमने तिचा हात धरला. "हाच शेवटचा असला तर?"

आत्याचा हात तसाच राहिला. तिने आजवर हजारो किडे कुपीत घातले असतील. "हा नेला नाही तर नाव नाही, पुरावा नाही," ती हळू म्हणाली. "उद्या इथे कुणी काहीही केलं तर आपण कशाच्या जोरावर अडवणार?"

"आणि नेला तर नाव राहील आणि किडाच राहणार नाही!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. बेकतेमीर दगडाकडे बघत होता. चूक त्याचीही होती ना!

"मग आधी त्यांचं लग्न लावून द्या ना!" कुतमान वैतागून म्हणाला. "फोटो नंतर काढा!"

आत्याने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग खोक्याकडे. "अरे माझ्या वाघा!" ती किंचाळली. "लग्नानंतर हे नर नाहीतरी थोडेच दिवस जगतात! हिच्या पोटात अंडी असली म्हणजे झालं!"

नर अलगद खोक्यात सोडला. आता पुन्हा वाट बघणं. तेही घड्याळ बघत! एक वाजला. दीड. दोन वाजायच्या सुमाराला आत्याने फटीतून पाहिलं आणि मान डोलावली. "झालं लग्न."

मादीला सेझिमने स्वतःच्या तळहातावरून वरच्या डोळ्यापाशी सोडलं. ती शेवाळात शिरली आणि दिसेनाशी झाली. अंडी आठ-दहा दिवसांनी पडणार, जगतील की नाही हे पुढच्या मार्चला कळणार. नर कुपीत गेला. कुतमानने तोंड फिरवलं, आणि त्याला कुणी हसलं नाही.

"चिठ्ठी तू लिही," आत्याने सेझिमला पेन्सिल दिली. "गाव, झरा, तारीख. कुणी पकडला त्यांची नावं. तिघांची." मग जरा थांबून म्हणाली, "आणि जातीला नाव तुझं देऊ? तूच शोधलीस."

सेझिमला क्षणभर काय वाटलं ते तिचं तिलाच ठाऊक. वर्गातले सगळे चेहरे तिच्या डोळ्यांसमोरून गेले. "नको," ती म्हणाली. "गावाचं दे. गावाचं नाव असलं तर गाव सांभाळेल."

गाडी सुटायच्या आधी मैदानात, पाहुण्यांसमोर, टोकतोसून काकांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. भाषण लिहून आणलेलं होतं, ते त्यांनी खिशात घातलं. "काल मी मोठा मूर्खपणा केला," ते म्हणाले. "माझ्या मुलाने माझ्या हातातली बरणी हिसकावली. मी रागावलो होतो. आज सगळ्यांसमोर सांगतो, तो माझा मुलगा आहे ह्याचा मला अभिमान वाटतो. आणि सेझिमचा, आणि ह्या कुतमानचाही. पोरांनी गावाचं पाणी वाचवलं!" झुउरा काकूने तिघांच्या वाडग्यांत सुमोलोक शिगोशीग भरलं. बेकतेमीर ते खाता खाता रडत होता आणि सुमोलोक कढत आहे म्हणून सांगत होता.

वर्णन शरदात छापून आलं. अकरा पानं, आकड्याची सहा चित्रं, आणि गावाचं नाव. टोकतोसून काकांनी ते चौकटीत घालून कचेरीत लावलं. हिवाळा मात्र सेझिमला खायला उठला. झऱ्यात दगडांखाली तिला एकही पिल्लू दिसलं नव्हतं. वरचा डोळा बर्फाखाली गाडलेला, तिथे बघणार कसं?

मार्चच्या चौदा तारखेला वरच्या डोळ्यावरचं बर्फ वितळून त्याला भोक पडलं. पंधराला काही नाही. सोळाला काही नाही. सतराला शाळेआधी सेझिम एकटीच वर गेली आणि थोड्या वेळाने आत्याचा फोन वाजला.

"आत्या?"

"बोल गं. बोल लवकर."

"नऊ आहेत." सेझिमला धाप लागली होती. "आणि आत्या, मी भिंग लावून बघितलं. त्यातले चार नर आहेत!"

मग आत्या म्हणाली, "एकालाही हात लावू नकोस हं," आणि ती हुंदके देत हसायला लागली.